कॅसेटमधलं गाणं नक्की कुठे असायचं?

कॅसेट कधी उघडून बघितली असेल तर आत काय असतं ते माहितीच आहे, दोन दातेरी चाकं, तपकिरी रंगाचं रीळ, कोपऱ्यात दोन छोटे रोलर, आणि मधोमध एका पातळ पितळी पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा एवढासा तुकडा. बस. सर्किट नाही, वायर नाही, काही नाही. तरी त्यातून अख्खा वाद्यवृंद ऐकू यायचा, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी वर्षानुवर्षं ती वाजवली, पेन्सिल घालून फिरवली, गुंतली तर सोडवली, पण गाणं त्या तपकिरी पट्टीवर नक्की कसं बसलेलं असतं हे फारसं कोणी समजावून सांगितलं नाही. शाळेत तर नाहीच. म्हणून म्हटलं आपण निवांत लिहून काढू, कारण कॅसेटबद्दल ज्या ज्या गोष्टी आपल्याला आठवतात ना, ती सुरुवातीची सुस्स, सेल उतरल्यावर जाडा होणारा आवाज, गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची पुसट चाहूल, त्या प्रत्येकामागे कारण आहे आणि ते कळलं की घरात पडलेल्या जुन्या कॅसेट वाचवायच्या कशा हेही आपोआप कळतं.

आधी फीत. ती प्लॅस्टिकची असते, पॉलिएस्टरची, रुंदी चार मिलीमीटरपेक्षाही थोडी कमी, ३.८१ मिलीमीटर. तिच्या एका बाजूला लोखंडाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक पूड एका चिकट द्रव्यात कालवून लावलेली असते. तपकिरी रंग त्याचाच. पुडीचा प्रत्येक कण सुईसारखा लांबट, साधारण अर्धा मायक्रॉन लांबीचा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. असा प्रत्येक कण म्हणजे स्वतंत्र छोटंसं लोहचुंबक. कोऱ्या कॅसेटमध्ये ही सगळी चुंबकं वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असतात त्यामुळे त्यांची बेरीज शून्य येते. रेकॉर्डिंग करणं म्हणजे या कणांची चुंबकीय दिशा आवाजाप्रमाणे कुठे जास्त कुठे कमी, कधी इकडे कधी तिकडे वळवून ठेवणं. कण जागचे हलत नाहीत, नुसती त्यांची चुंबकीय दिशा बदलते, आणि एकदा बदलली की दुसरं कोणी येऊन बदलेपर्यंत तशीच राहते. म्हणून कॅसेटला वीज लागत नाही, टेपरेकॉर्डरला लागते.

हे वळवण्याचं काम करतं हेड. तो चकचकीत धातूचा छोटा ठोकळा आठवतोय, ज्यावर आपण कापूस घासायचो? ते हेड म्हणजे मुळात एक विद्युतचुंबक, तारेचं वेटोळं आणि त्याचा गाभा, आणि गाभ्याला समोरच्या बाजूला एक चीर ठेवलेली असते, एक-दोन मायक्रॉनची, डोळ्यांना धड दिसतही नाही. माइकमधून आलेला आवाज विजेच्या रूपात त्या वेटोळ्यात जातो, चिरेपाशी चुंबकीय क्षेत्र तयार होतं, तिथून फीत सरकत जाते आणि त्या त्या क्षणाचा आवाज तिच्यावर उमटतो. ऐकताना बरोबर उलटं. चुंबकीय झालेली फीत चिरेसमोरून सरकली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, अगदी क्षीण, एक मिलीव्होल्टच्याही खाली, ती वाढवून वाढवून स्पीकरला दिली की गाणं. सायकलच्या डायनॅमोत जे तत्त्व आहे तेच इथे.

पण यात एक अडचण आहे आणि ती सोडवायला माणसांना बरीच वर्षं लागली. चुंबकाचे कण हट्टी असतात. थोडासा जोर लावला तर वळतच नाहीत, एका मर्यादेपुढे जोर लावला की एकदम वळतात. म्हणजे हळू आवाज उमटतच नाही आणि मोठा आवाज वाकडा उमटतो. सुरुवातीच्या चुंबकीय रेकॉर्डिंगचा आवाज म्हणूनच घोगरा आणि फाटका असायचा. यावरचा उपाय १९४० साली जर्मन रेडिओतल्या वाल्टर वेबर या इंजिनिअरच्या हाती लागला, अमेरिकेत आधी त्याचं पेटंट झालं होतं पण उपयोग फारसा झाला नव्हता. उपाय असा की गाण्याबरोबरच एक खूप वरच्या कंपनसंख्येचा सूर, कॅसेटच्या बाबतीत साधारण एक लाख हर्ट्झच्या (सेकंदाला एक लाख कंपनांच्या) आसपासचा, म्हणजे आपल्या कानाला ऐकूच न येणारा, तोही हेडमध्ये सोडायचा. डब्यात डाळ भरताना आपण डबा हलवतो, आपटतो, म्हणजे दाणे सुटे होऊन नीट बसतात, तसं हा सूर कणांना हलवून सुटं करतो आणि मग गाणं हळू असो की मोठं, कण त्याच्या प्रमाणात वळतात. याला बायस म्हणतात. माझ्या मते अख्ख्या कॅसेटच्या शास्त्रातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच, ऐकू न येणारा आवाज मिसळल्यामुळे ऐकू येणारा आवाज स्वच्छ होतो.

आता आपली कॅसेट. ती फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात लू ऑटन्स नावाच्या इंजिनिअरच्या टीमनं ती बनवलेली. त्याआधी टेप म्हणजे मोठमोठी उघडी रिळं, एका चाकावरून दुसऱ्यावर हातानं गुंडाळायची, जड मशीन. ऑटन्सला खिशात मावेल असं काहीतरी पाहिजे होतं म्हणून त्यानं आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला, कोटाच्या खिशात बसेल असा, आणि मशीन याच मापात बसलं पाहिजे म्हणून ठरवून टाकलं. नंतर फिलिप्सनं इतर कंपन्यांकडून परवान्याचे पैसे न घेता सगळ्यांना तीच कॅसेट बनवू दिली, म्हणून जगभर एकच माप चाललं आणि जपानमध्ये भरलेली कॅसेट जळगावातही वाजायची. ऑटन्स २०२१ मध्ये गेले, ९४ वर्षांचे होऊन.

पण खिशात बसवायचं म्हटल्यावर काटकसर आली. फीत अरुंद केली, आणि वेग कमी केला. रेडिओ स्टेशनवरची मोठी मशीन सेकंदाला ३८ सेंटिमीटर किंवा १९ सेंटिमीटर फीत पळवायची, कॅसेटमध्ये सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर. त्यातही त्या पावणेचार मिलीमीटर रुंदीत ए साइड आणि बी साइड दोन्ही, आणि स्टिरिओ असेल तर प्रत्येकाचे डावा-उजवा दोन पट्टे, म्हणजे एका पट्ट्याच्या वाट्याला सुमारे ०.६ मिलीमीटर. पुढचं बरंच काही याच्यातून निघतं. वेग आणि कंपनसंख्या माहिती असली की साधा भागाकार करून बघा, दहा हजार हर्ट्झचा सूर, म्हणजे टाळ-झांजांमधला तो झणझणीत भाग, कॅसेटवर फक्त ४.७६ मायक्रॉनची जागा घेतो. त्याउलट तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे खर्जाला ऐसपैस जागा आणि झांजांना जेमतेम. हेडवर थोडा मळ बसला, फीत हेडपासून किंचित दूर गेली, की सगळ्यात आधी झांजा मरतात आणि आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. तो फेल्टचा तुकडा त्यासाठीच असतो, फीत हेडला दाबून धरायला.

सुस्स आवाजाचंही हेच. कण कितीही बारीक असले तरी ते सुटे सुटे दाणे आहेत, आणि प्रत्येक दाण्याची स्वतःची थोडी मनमानी राहतेच. रुंद पट्ट्यावर कोट्यवधी दाण्यांची मनमानी एकमेकांत विरून जाते आणि गाणं वरचढ ठरतं, अरुंद पट्ट्यावर दाणे कमी म्हणून ती ऐकू येते. शिवाय कॅसेटवर वरचे सूर मुळातच अशक्त म्हणून वाजवताना मशीन ते मुद्दाम वाढवतं, त्यात ही खरखरही वाढते. कोरी कॅसेट लावून आवाज पूर्ण मोठा केला तर जे ऐकू येतं ते हे, लोखंडाच्या कणांचा आवाज.

ही सुस्स कमी करण्याचं तंत्र ज्यानं काढलं त्याचं आणि भारताचं नातं आहे हे मला फार आवडतं. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर, शिकत असतानाच अँपेक्स कंपनीच्या पहिल्या व्हिडिओ टेप रेकॉर्डरवर काम केलेला, १९६३ ते १९६५ युनेस्कोतर्फे भारतात सल्लागार म्हणून होता, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत. इथे असताना तो भारतीय संगीत टेपवर रेकॉर्ड करायचा. आपल्या संगीतात तर तंबोऱ्याची आस, मींड, दोन सुरांमधली शांतता हेच सगळं, तिथे ती खरखर किती खुपत असेल. भारतात असतानाच त्याच्या डोक्यात कल्पना आली आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यानं कंपनी काढली. कल्पना अशी की रेकॉर्ड करतानाच हळू असलेले वरचे सूर मुद्दाम मोठे करून भरायचे, आणि वाजवताना तेवढेच परत हळू करायचे. गाणं जसं होतं तसं होतं, पण मध्ये शिरलेली खरखर वाजवताना हळू होते. मोठ्या आवाजाला हात लावायचा नाही कारण तिथे खरखर तशीही झाकली जाते. घरगुती मशीनसाठीचं डॉल्बी बी १९६८ मध्ये आलं. टेपवर डॉल्बीचं बटण असायचं आणि ते कशासाठी हे बहुतेक घरांत माहिती नव्हतं, डॉल्बीत भरलेली कॅसेट बटण बंद ठेवून वाजवली की आवाज जरा जास्तच चमकदार येतो आणि साध्या कॅसेटला बटण चालू केलं की दबलेला. दोन्ही प्रकार आपल्याकडे सर्रास चालायचे.

आता वेग. फीत हेडसमोरून ओढण्याचं काम चाकं करत नाहीत, हे बऱ्याच जणांना नवीन वाटेल. चाकांनी ओढली असती तर रीळ जाड होत जाईल तसा वेग बदलला असता. ओढते ती एक बारीक पोलादी काडी, कॅप्स्टन, एकाच वेगानं फिरणारी, आणि तिच्यावर फीत दाबून धरणारा काळा रबरी रोलर. पुढे आलेली फीत गोळा करायचं काम तेवढं उजव्या चाकाचं. मोटर आणि या सगळ्यांमध्ये असतो रबरी बेल्ट.

टेपनं कॅसेट खाल्ली म्हणायचो ना आपण, तेव्हा व्हायचं असं की बेल्ट सैल पडल्यामुळे गोळा करणारं चाक थांबायचं किंवा मंदावायचं आणि कॅप्स्टन बिचारी फीत पुढे ढकलतच राहायची, मग ती सैल फीत मळलेल्या चिकट रोलरला चिकटून त्याच्याभोवती गुंडाळत जायची, आणि आपण कॅसेट ओढून काढायचो आणि मागे वीतभर, हातभर रीळ लोंबत यायचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये हे जास्त व्हायचं कारण तेवढ्याच डबीत सव्वाशे मीटरच्या वर फीत बसवायला ती पातळ करावी लागते, साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा बरीच पातळ, आणि पातळ फीत पटकन गुंडाळली जाते. मग पेन्सिल. चाकाला आतून सहा दाते आणि पेन्सिलीला सहा बाजू, म्हणून ती इतकी चपखल बसायची.

सेल उतरले की मोटर मंदावते आणि आवाज खाली जातो. यात गणित पक्कं आहे, वेग सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाला की सगळं गाणं बरोबर अर्ध्या सुरानं उतरतं, काळी चारमधलं गाणं पांढरी पाचला येतं. पेटी वाजवणाऱ्यांना हे चांगलं माहिती असेल, कॅसेट ऐकून गाणं बसवायला गेलं की सूर धड या पट्टीत नाही आणि त्या पट्टीत नाही असा मधेच कुठेतरी लागायचा. पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. रेकॉर्ड करताना सेल उतरलेले असतील आणि नंतर ती कॅसेट चांगल्या मशीनवर लावली तर उलटं होतं, आवाज वर चढतो, पातळ आणि घाईघाईचा होतो. घरच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये एखाद्या काकांचा आवाज लहान मुलासारखा येत असेल आणि कॅसेटच्या शेवटी शेवटी तर फारच, तर कॅसेट खराब झालीय असं समजू नका, त्या दिवशी सेल संपत आले होते एवढाच त्याचा अर्थ. कॉम्प्युटरवर वेग कमी करून तो आवाज परत आणता येतो.

आणि ती गाण्याआधीची चाहूल. दोन गाण्यांमधल्या शांततेत, पुढचं गाणं सुरू व्हायच्या एखाद-दोन सेकंद आधी, तेच गाणं अगदी दुरून ऐकू यायचं. पुष्कळांना तो भास वाटायचा, पण तो खरा आहे. रीळ गुंडाळून ठेवलं की फितीचा एक थर दुसऱ्यावर घट्ट बसतो, आणि ज्या थरावर जोरदार आवाज भरलाय तो शेजारच्या थरावर आपला हलका ठसा उमटवतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पातळ फितीवर जास्त.

कॅसेटनं महाराष्ट्रात काय केलं हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रेकॉर्डच्या जमान्यात गाणं छापणं खर्चिक काम होतं, आणि देशात जवळजवळ एकाच मोठ्या कंपनीची मक्तेदारी होती, त्यांनी निवडलं तेवढंच गाणं घरोघरी जायचं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, १९८३ मध्ये गुलशन कुमारांची टी-सिरीज आली, मुंबईत व्हीनस, टिप्स आल्या, आणि त्यांच्याबरोबर शेकडो छोट्या कंपन्या. कॅसेटची नक्कल काढायला फार भांडवल लागत नव्हतं, त्यामुळे शाहीर, भारूडकार, गावोगावचे कव्वाल, कीर्तनकार सगळ्यांच्या कॅसेट निघायला लागल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज खेड्यापाड्यात, एसटी स्टँडवरच्या टपरीत, जत्रेत वाजले ते कॅसेटमुळे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागायचे, ही गाणी ना रेडिओवर फारशी लागायची ना टीव्हीवर. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउससारख्यांनी शास्त्रीय मैफिलींच्या कॅसेट काढल्या, गोव्यात कोंकणी कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, निघाल्या. हे काम रेकॉर्डनं केलं नव्हतं आणि सीडीनंही तेवढं केलं नाही.

कॅसेट भरून घेणं हाही एक मोठा सोहळा असायचा. गाण्यांची यादी दुकानात द्यायची, कोरी कॅसेट त्याच्याकडूनच घ्यायची किंवा आपली न्यायची, आठ दिवसांनी या म्हणायचा. यादी करताना गाण्यांचे मिनिटं मोजायचे कारण ए साइड तीस मिनिटांत संपते आणि शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं. शिवाय कॅसेटवर हवं तिथे उडी मारता येत नाही, पुढे-मागे करायला वेळ जातो आणि सेलही, म्हणून आपण सगळं ओळीनं ऐकायचो. त्याचा परिणाम असा झालाय की आजही एखादं गाणं संपत आलं की डोक्यात आपोआप पुढचं सुरू होतं, ज्या क्रमानं त्या कॅसेटवर होतं त्या क्रमानं. आणि साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात असं मानसशास्त्रात दिसून आलंय, संगीताच्या बाबतीतही ते लागू पडतं. ज्यांचं ते वय ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांचं त्या सुस्स आवाजावर प्रेम असणारच.

पण बाजारातली गाणी आता कुठेही मिळतात, त्यांची काळजी नको. काळजी वाटते ती लाल बटण आणि प्ले एकदम दाबून घरात भरलेल्या कॅसेटची. आखातात गेलेल्या माणसांनी तिथून पाठवलेल्या बोलक्या चिठ्ठ्या, बारशातली गाणी, गावच्या काकड्याचं भजन, आजोबांनी सांगितलेली गोष्ट. आमच्याकडे आजीच्या ओव्यांची एक कॅसेट आहे आणि तिच्यात ओवी संपली की दोन क्षणांत मागची कुकरची शिट्टी, कावळे, बाहेर कोणीतरी हाक मारतंय ते सगळं हळूहळू मोठं होत जातं आणि आजीनं पुढची ओवी उचलली की एकदम मागे सरतं. हेही मशीनमुळेच. घरच्या टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असायचं, कोणी बोलत नसेल तर ते माइक आणखी आणखी वाढवत न्यायचं, जे काही ऐकू येईल ते पकडायचं. स्टुडिओवाल्यांना हा दोष वाटेल. पण त्यामुळे त्या दुपारचं अख्खं घर त्या फितीवर उमटलंय, जे कोणी मुद्दाम रेकॉर्ड केलं नसतं.

अशा कॅसेट असतील तर आत्ताच कॉपी करून घ्या, कारण फीत पॉलिएस्टरची असल्यामुळे बऱ्यापैकी टिकते पण वाजवणारी मशीन संपत चालल्यात. नवीन स्वस्त प्लेयर मिळतात पण त्यातली यंत्रणा साधारणच असते, वेग डळमळतो, त्यापेक्षा कोणाकडचा जुना चांगला डेक किंवा टू-इन-वन मिळाला तर तो बेल्ट बदलून घ्या, तो जास्त बरा.

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे पडदे मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग खिडकीतून रीळ नीट बघा. पांढरे डाग किंवा पावडरसारखं काही दिसलं तर ती बुरशी, कोकणात आणि मुंबईत हमखास, आणि अशी कॅसेट अजिबात लावू नका, फीत फाटू शकते आणि बुरशी मशीनमध्ये जाऊन पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळी कोरड्या जागी ठेवा आणि हे काम करणाऱ्या माणसाकडेच द्या. डाग नसतील तर पहिल्यांदा ऐकायची घाई न करता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे करा, थर एकमेकांपासून सुटे होतात. हेड आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसा, रबरी रोलर मात्र फार भिजवू नका. आवाज एकदम दबका आणि हेलकावे खाणारा येत असेल तर बहुतेक तो फेल्टचा तुकडा गळून पडलाय, डिंक वाळून. अशा वेळी पाच स्क्रूची एखादी बिनकामाची कॅसेट उघडून तिच्या डबीत आपलं रीळ बसवायचं, नाजूक काम आहे पण जमतं, फक्त रिळाला हाताचं तेल लागू देऊ नका.

तरीही आवाज दबलेलाच असेल तर एक गोष्ट करून बघा जी दुकानदारही सहसा करत नाहीत. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, बहुतेक स्प्रिंगवाला, त्यानं हेडचा कोन बदलतो. हेड फितीला बरोबर काटकोनात पाहिजे, पण ज्या मशीनवर ती कॅसेट भरली त्याचं हेड किंचित वाकडं असेल तर आवाज वाकडाच उमटलाय, आणि आपल्या सरळ हेडला तो नीट वाचता येत नाही. मोनो टेपचा पट्टा सुमारे दीड मिलीमीटर रुंद असतो, त्यावर पाव अंशाचा फरक म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसहा मायक्रॉन, आणि वर बघितलं की दहा हजार हर्ट्झचा सूर ४.७६ मायक्रॉनमध्ये बसतो. म्हणजे तो जवळजवळ पुसलाच जातो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, स, श हे उच्चार जिथे सगळ्यात स्पष्ट होतील तिथे थांबा. प्रत्येक जुन्या कॅसेटला हे वेगळं असू शकतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा ओव्यांमधले शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले, त्याआधी चाल कळायची पण शब्द कळायचे नाहीत.

मग हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या जागेतून वायर काढून कॉम्प्युटरला जोडायची आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्यायचं. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्येच ठेवा, साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशे एमबीच्या वर जागा लागते पण आज ती काहीच नाही. एमपीथ्री घरच्यांना पाठवायला नंतर बनवा. आवाजाची पातळी लाल रंगात जाऊ देऊ नका, थोडा हळू भरला तरी चालेल, फाटलेला आवाज पुन्हा जोडता येत नाही. आणि खरखर काढण्याचं बटण मूळ फाइलवर कधीच वापरू नका, सॉफ्टवेअरला खरखर आणि आजीचा श्वास यातला फरक कळत नाही, दोन्ही काढून टाकतं. वेग चुकीचा वाटत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये पेटी आहे का बघा, पेटीच्या सुरावरून अंदाज येतो.

भरून झालं की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ऐकवा आणि ते जे सांगतील ते लगेच लिहून घ्या, हा आवाज कोणाचा, कुठलं घर, साधारण कुठलं साल, कोणाचं लग्न. मूळ कॅसेट फेकू नका, उद्या आणखी चांगलं मशीन मिळालं तर पुन्हा भरता येईल. ती न थांबता शेवटपर्यंत वाजवून, सगळं रीळ एका बाजूला गेलेलं असताना, डबीत घालून उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, म्हणजे रीळ सारखं गुंडाळलेलं राहतं. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवल्या तर आणखी बरं.